वाचक विचारतात : गेममधल्या गाड्यांची रंगरंगोटी

मागील अंकात रेसिंग गेमविषयी लिहिताना गाड्या रंगवण्याच्या सोयीचा उल्लेख ओघात आला होता. शर्यतीविषयी एकाही वाचकाने विचारले नाही. पत्रे आली ती सगळी रंगांविषयी. त्यांपैकी निवडक पत्रांचा मजकूर थोडक्यात देऊन उत्तरे देत आहे. पत्रांत वारंवार आलेला ‘लिव्हरी’ हा शब्द मीही तसाच वापरतो. लिव्हरी म्हणजे गाडीचा गणवेश, म्हणजेच तिचा मूळ रंग, त्यावरचे पट्टे, क्रमांक, नावे आणि चित्रे मिळून होणारे रूप.

सांगलीचे एक वाचक : स. न. वि. वि. माझ्या वडिलांच्या मालट्रकच्या फाळक्यावर एका पेंटरने पिवळ्या अक्षरांत, लाल सावली देऊन ‘वारा’ असे नाव लिहिले होते. ट्रक विकला गेला. ‘फोर्झा होरायझन ५’मधल्या एका पिकअप गाडीवर मला तेच नाव तसेच लिहायचे आहे, पण तेथे तयार अक्षरे मिळतात ती रोमन. काही मार्ग आहे का?

मार्ग आहे, आणि आपल्या वडिलांनी नावही सोयीचे निवडले होते. फोर्झामध्ये बाहेरचे चित्र आणून चिकटवता येत नाही. तेथे चौकोन, वर्तुळ, कडे, चंद्रकोर, त्रिकोण असे साधे आकार मिळतात. ते लहानमोठे करून, फिरवून, तिरके ताणून एकावर एक थर रचत जायचे, हीच तेथली चित्रकला. २००५ साली आलेल्या पहिल्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’पासून ही पद्धत चालत आली आहे आणि आज लोक हजारो थर रचून माणसांचे हुबेहूब चेहरे काढतात. आपल्याला दहा-बारा थर पुरतील.

आधी शिरोरेखा घ्यावी. तो एक लांब आडवा चौकोन. त्याखाली तीन उभे दंड लागतील, एक ‘व’चा स्वतःचा आणि दोन कान्यांचे. ‘व’चे पोट म्हणजे एक कडे, किंचित आडवे दाबलेले आणि दंडाला चिकटवलेले. येथे नवशिक्यांची एक चूक ठरलेली असते. कडे न घेता ते भरीव वर्तुळ घेतात आणि त्यावर गाडीच्या रंगाचे लहान वर्तुळ ठेवून पोकळीचा भास करतात. गाडी एकरंगी असेपर्यंत हे खपून जाते, पण पुढे अक्षरामागून एखादा पट्टा न्यावासा वाटला की ते लहान वर्तुळ ठिगळासारखे उघडे पडते. म्हणून कडेच घ्यावे, किंवा आकार मास्क म्हणून वापरण्याची सोय असते तिने भोक पाडावे.

‘र’ला जरा वेळ लागतो. वरून येणारा आखूड दंड, त्याच्या टोकाला डावीकडे वळणारी चंद्रकोरीची गाठ आणि तेथून खाली उजवीकडे उतरणारा, टोकाशी निमुळता होत जाणारा पाय असे त्याचे तीन भाग करावेत. पायासाठी चौकोन न घेता ताणलेला त्रिकोण घेतला, तर ब्रश उचलताना येते तशी शेपटी मिळते. जाड-बारीकचे भानही ठेवावे. देवनागरीचा बोरू रोमन लेखणीच्या उलट बाजूने छाटलेला असतो, त्यामुळे आपल्या अक्षरांत जाडी येते ती वेगळ्या जागी. रोमन अक्षरांचे तुकडे कापून देवनागरी जुळवणाऱ्यांची अक्षरे परकी दिसतात त्याचे कारण हेच. आपल्याकडे फाळक्याचा जुना फोटो असेल तर तो समोर ठेवावा आणि पेंटरने जाडी कोठे दिली आहे ते आधी पाहून घ्यावे.

अक्षरे जुळली की सगळ्या थरांचा एक गट करावा, त्याची नक्कल करून ती लाल करावी, मूळ गटाच्या खाली सरकवावी आणि थोडी उजवीकडे व थोडी खाली न्यावी. झाली सावली. ही युक्ती ट्रक रंगवणाऱ्यांचीच आहे. त्यांना मात्र ती ओल्या रंगात आणि एकाच प्रयत्नात साधावी लागत असे.

आणखी एक इशारा देतो, तो माझ्या फजितीतून आला आहे. एका बाजूची सजावट दुसऱ्या बाजूवर उतरवण्याची सोय वापरली की चित्र आरशातल्यासारखे उलटते. पट्ट्यांना त्याने काही होत नाही, अक्षरांचे मात्र वाटोळे होते. मी तीन संध्याकाळी खपून एका गाडीच्या डाव्या दारावर नाव लिहिले, समाधानाने उजवीकडे उतरवले आणि दोन दिवस उलटी अक्षरे घेऊन हिंडलो. ते मला सांगितले माझ्या भाच्याने, तेही हसू आवरल्यावर. अक्षरांचा गट पट्ट्यांपासून वेगळा ठेवावा, म्हणजे तेवढाच पुन्हा उलटवून घेता येतो.

नाव सोयीचे आहे असे म्हणालो, कारण ‘व’ आधी आणि ‘र’ नंतर आला आहे. ‘गौरव’ असते तर ‘र’ आणि ‘व’ यांच्यात नेहमीपेक्षा जास्त जागा सोडावी लागली असती. नाहीतर धावत्या गाडीवर लोकांनी ‘गौख’ वाचले असते.

हे सगळे किचकट वाटले तर ‘ग्रॅन टुरिस्मो ७’चा रस्ता वेगळा आहे. संगणकावर काढलेले एसव्हीजी प्रकारचे रेखाचित्र त्या गेमच्या संकेतस्थळावरून चढवता येते, मात्र फाइल १५ केबीच्या आत बसावी लागते. इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी नाव टंकावे, अक्षरांचे बाह्यरेषेत रूपांतर करावे आणि अनावश्यक बिंदू कमी करावेत. एका नावाला १५ केबी भरपूर होतात. सावली आणि वेलबुट्टी यांच्यासाठी मात्र वेगवेगळ्या फाइली कराव्यात. टंकावरून घेतलेले अक्षर नीटनेटके येईल, पण ते फाळक्यावरचे अक्षर असणार नाही. आपल्या पत्रावरून मला वाटते की आपण पहिल्याच वाटेने जाल.

डोंबिवलीच्या एक वाचक : माझा १४ वर्षांचा मुलगा गेममध्ये शर्यत खेळतच नाही. तासन् तास गाडी रंगवतो, पुसतो, पुन्हा रंगवतो. त्याने केलेल्या गाड्या इतर लोक उतरवून घेतात आणि त्याला ‘क्रेडिट’ मिळतात, असे तो सांगतो. हे पैशांचे प्रकरण तर नाही ना? आणि यातून तो काही शिकतो का?

ताई, पैशांची काळजी आधी मिटवतो. हे क्रेडिट गेमच्या आतले चलन असते. त्यातून गेममधल्या गाड्या घेता येतात, बँकेत काही जमा होत नाही. काही गेममध्ये खरे पैसे देऊन गाड्या किंवा चलन विकत घेण्याची सोय असते. तुमचे कार्ड खात्याला जोडलेले असेल, तर खरेदीसाठी पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करून ठेवा, म्हणजे पुरे.

शिकण्याविषयी म्हणाल, तर तो काय पुसतो याकडे लक्ष द्या. रंगवणे सगळ्यांनाच येते. सुरुवातीला मुले गाडीवर जेवढे मावेल तेवढे ओततात, ज्वाळा, कवट्या, विजा आणि दहा कंपन्यांची बोधचिन्हे. मग एके दिवशी त्यांतली निम्मी काढून टाकतात. तो दिवस आला असेल, तर मुलगा दृश्यकलेचा पहिला धडा कोणाच्याही शिकवणीशिवाय शिकला आहे. त्याला एक काम सांगून पाहा. गाडीचे चित्र फोनवर टपाल तिकिटाएवढे करून तुम्हाला दाखवायला सांगा आणि तुम्हाला त्यात काय दिसले ते त्याला मोकळेपणाने सांगा. तुम्हाला नुसती गिचमिड दिसली, तर शर्यतीत शंभर मीटरवरून पाहणाऱ्यालाही तीच दिसणार आहे. तो यावर तुमच्याशी वाद घालेल. घालू द्या.

झोपेची आणि अभ्यासाची वेळ ठरवून देणे हा घरचा प्रश्न आहे, त्यात हे सदर पडत नाही.

नाशिकचे एक वाचक : दसऱ्याला खऱ्या गाडीची पूजा करतो तशीच गेममधल्या गाडीचीही करावी, या हौसेने मी बोनेटवर झेंडूचा हार आणि मध्यभागी स्वस्तिक काढले. दोन दिवसांत ती लिव्हरी काढून टाकण्यात आली आणि माझ्या खात्यावर ताकीद आली. आमच्या मंगलचिन्हावर ही बंदी कशासाठी?

आपण कोणता गेम खेळता ते पत्रात नाही, पण बहुतेक ऑनलाइन गेमचे नियम याबाबत सारखेच आहेत. फोर्झा बनवणाऱ्या टर्न टेन स्टुडिओने २०२० साली आपली नियमावली स्पष्ट केली, तेव्हा अमेरिकेतल्या कॉन्फेडरेट झेंड्याबरोबर (यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा तो झेंडा) स्वस्तिकही निषिद्ध चिन्हांत धरले. त्यांच्या डोळ्यांसमोर आहे ते नाझी जर्मनीचे चिन्ह, पांढऱ्या वर्तुळातले, ४५ अंशांत तिरके केलेले आणि काळे. आपले चिन्ह सरळ उभे असते, कुंकवाने किंवा शेंदराने काढलेले असते आणि अनेकदा त्याच्या चार घरांत चार ठिपके असतात. डोळ्यांना फरक स्पष्ट आहे. पण दुसऱ्या देशातला एखादा खेळाडू तक्रारीचे बटण दाबतो तेव्हा त्याला ठिपके दिसत नाहीत, आणि गेममध्ये बोनेट उतरते असल्यामुळे चिन्ह कोणत्या कोनात दिसेल हेही आपल्या हातात नसते.

मला हा नियम आपल्या दृष्टीने अपुरा वाटतो. नियमावलीत दोन चिन्हांतला भेद मांडता आला असता. तरीही ज्यांची घरे त्या दुसऱ्या चिन्हाखाली उद्ध्वस्त झाली, त्यांच्यासमोर अचानक ते यावे असे आपल्यालाही वाटणार नाही. ताकीद आली आहे, तर अपील करून हेतू कळवावा, पण चिन्ह पुन्हा काढू नये, कारण दुसऱ्या वेळी खातेच जाण्याची शक्यता असते.

दसरा त्याशिवायही उभा करता येतो. झेंडूचा हार ग्रिलवरून किंचित झोल देऊन सोडावा. नारिंगी आणि पिवळ्या वर्तुळांचे तीन-तीन थर एकमेकांवर थोडे फिरवून ठेवले की फुलाला पाकळ्या येतात. मधूनमधून आंब्याची पाने द्यावीत. आपट्याचे पान तर दोन लंबवर्तुळे देठाशी जोडली की तयार होते, आणि ते पाहून कोणाही मराठी माणसाला दिवस ओळखता येईल.

पुण्याची एक विद्यार्थिनी : कोणत्याही गेममध्ये पाहिले तरी फिका निळा रंग आणि नारिंगी पट्टा असलेल्या गाड्या हमखास दिसतात. ‘गल्फ’च्या या रंगांत असे काय आहे? शर्यतीच्या गाड्यांवर जाहिराती येण्यापूर्वी कोणते रंग असत?

जाहिरातींपूर्वी देशाचे रंग असत. इटलीच्या गाड्या लाल, ब्रिटनच्या हिरव्या, फ्रान्सच्या निळ्या, जर्मनीच्या आधी पांढऱ्या आणि पुढे चंदेरी. १९६८ साली फॉर्म्युला वनमध्ये प्रायोजकांना मोकळीक मिळाली. त्याच हंगामात लोटस या ब्रिटिश संघाची गाडी ब्रिटिश हिरवा सोडून ‘गोल्ड लीफ’ या सिगारेटच्या लाल, पांढऱ्या आणि सोनेरी पाकिटासारखी रंगून आली, आणि संघाचा चालक ग्रॅहम हिलने तिच्यातून मोनॅकोची शर्यत जिंकली. आज गेममध्ये आपण दारावर जे काही चिकटवतो त्याची वाट तेथे मोकळी झाली.

गल्फ ही अमेरिकी तेल कंपनी. तिचे स्वतःचे रंग गडद निळा आणि नारिंगी होते. फिका निळा आला तो तिने विकत घेतलेल्या विल्शायर या दुसऱ्या तेल कंपनीकडून. त्या रंगांतल्या फोर्ड जीटी ४० गाडीने १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, तीही दोन्ही वेळा एकाच गाडीने. पुढे पोर्श ९१७ गाड्याही त्याच रंगांत धावल्या. विजयामुळे रंग प्रसिद्ध झाले हे खरे, पण तेवढ्याने भागत नाही. निळा आणि नारिंगी हे रंगचक्रात समोरासमोर बसतात, त्यामुळे पट्टा पहाटेच्या धूसर उजेडातही उठून दिसतो. शिवाय तो पट्टा गाडीच्या नाकापासून मध्यरेषेवरून मागे जातो, म्हणजे गाडी कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते क्षणात कळते. गेममध्ये ही लिव्हरी करणारे पुष्कळ जण रंग बरोबर घेतात आणि पट्टा दारावर नेऊन ठेवतात. मग ती निळ्या रंगाची एक साधी गाडी उरते.

तुम्हाला जुन्या गाड्यांत रस असेल तर आणखी दोन पाहा. १९७१ साली ल मान्सला पोर्श ९१७/२० ही एक रुंद, बेढब गाडी आली. पोर्शचे डिझायनर अनातोल लापीन यांनी तिला सरळ गुलाबी रंग दिला आणि अंगावर तुटक रेषा ओढून खाटकाच्या तक्त्याप्रमाणे डुकराच्या मांसाच्या भागांची जर्मन नावे लिहिली. गाडी शर्यत पूर्ण करू शकली नाही, विनोद मात्र टिकला. २०१८ मध्ये पोर्शने तीच सजावट ९११ आरएसआरवर पुन्हा केली आणि त्या गाडीने ल मान्सला आपला गट जिंकला. विशेष म्हणजे त्या तुटक रेषा गाडीच्या घडणीला धरून आहेत. नाकावर मुस्कटाचे नाव आहे आणि मागच्या चाकावर मांडीचे. चित्र आधी ठरवून गाडीवर चढवलेले नाही, ते गाडीतूनच निघाले आहे.

दुसरी गाडी बीएमडब्ल्यू एम १. बीएमडब्ल्यूने १९७५ मध्ये शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांच्यापासून कलाकारांकडून गाड्या रंगवून घ्यायला सुरुवात केली. १९७९ मध्ये अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी ही गाडी स्वतःच्या हाताने, ब्रशचे फटकारे मारीत, २८ मिनिटांत रंगवली. ती त्याच वर्षी ल मान्सला धावली आणि एकूण सहावी आली. गेममध्ये तिची नक्कल करायला मला चार रात्री लागल्या, कारण ओघळलेला रंग साध्या आकारांतून उभा करणे फार कठीण असते. वॉरहॉल यांच्या घाईची किंमत मी भरली म्हणायची.

न्यू जर्सीचे एक वाचक : आम्ही पाच मराठी मित्र ‘आयरेसिंग’ या ऑनलाइन रेसिंग गेमवर एकत्र संघ करून उतरतो. पाचही गाड्या भगव्या ठेवल्या, तर शर्यतीत आमच्यातलाच कोण कोठे आहे ते कळत नाही. शिवाय बारीक अक्षरे फुटल्यासारखी दिसतात.

आयरेसिंगमध्ये गाडी रंगवायची ती बाहेर, फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, गाडीचे उलगडलेले कातडे समोर ठेवून. तयार फाइल टीजीए प्रकारची असते आणि साधारण २०४८ गुणिले २०४८ बिंदूंची. संपूर्ण गाडी तेवढ्यात बसवायची असल्यामुळे दाराच्या वाट्याला थोडेच बिंदू येतात. बोटाएवढ्या अक्षरांना तेथे जागाच नसते, म्हणून ती मोठी तरी करावीत किंवा काढावीत. इतरांना तुमची रंगवलेली गाडी दिसावी यासाठी बहुतेक जण ‘ट्रेडिंग पेंट्स’ ही सेवा वापरतात. तुमच्या पाचही जणांनी ती सुरू केली आहे का, ते आधी तपासा. निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात.

पाच गाड्यांचा तिढा खऱ्या संघांनी कधीच सोडवला आहे. फॉर्म्युला वनमध्ये एकाच संघाच्या दोन गाड्या ओळखू याव्यात म्हणून चालकाच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्याचा रंग वेगळा असतो, एकीचा काळा आणि दुसरीचा झगझगीत पिवळा. लांब पल्ल्याच्या शर्यतींत अनेक संघ आरसे, काचेवरची पट्टी आणि मागच्या पंखाच्या (गाडीच्या मागे उंचावर बसवलेल्या आडव्या फळीच्या) कडा यांचे रंग बदलतात. भगवा तसाच ठेवा, पण प्रत्येकाचे आरसे आणि मागचा पंख वेगळ्या रंगाचा करा. पाठलाग करणाऱ्याला पंखच दिसतो आणि पुढच्याला आपल्या आरशात तुमचे नाक दिसते. म्हणून तोच रंग नाकावरही एका पट्टीत द्या. त्यासाठी लाल आणि नारिंगी घेऊ नका, ते भगव्यात विरघळतात. पांढरा, काळा, पोपटी, आकाशी आणि गडद जांभळा असे पाच रंग चालतील.

कोल्हापूरचे एक वाचक : गेममध्ये केलेली लिव्हरी माझ्या खऱ्या गाडीवर उतरवता येईल का?

नोंदणी पुस्तकात गाडीचा रंग लिहिलेला असतो. तो बदलायचा असेल तर परिवहन कार्यालयात आधी विचारून नोंद करून घ्यावी, मग रंगाऱ्याकडे जावे. एखाद्या पट्ट्याने सहसा काही बिघडत नाही, पण संपूर्ण गाडी गुलाबी करून आधी हिंडावे आणि मग विचारावे, असे करू नये.

दादरचे एक वाचक : मी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी एका जुन्या छोट्या फियाटवर करू पाहतो आहे. रंग बरोबर आहेत, तरी ती टॅक्सी वाटत नाही. काय चुकते?

आपण सोबत पाठवलेल्या चित्रात पिवळा रंग दारांच्या वरच्या भागावरही उतरला आहे. पद्मिनी, म्हणजे आपल्याकडे बनलेली तीच फियाट, तिच्या टॅक्सीचा पिवळा टपावर असे, खालचे अंग काळे. खिडक्यांच्या खालच्या कडेपर्यंत काळा वर न्या. पिवळ्यात लिंबाची छटा आली आहे, ती काढून किंचित नारिंगीकडे झुकवा. काळा शंभर टक्के काळा ठेवू नका. गेमच्या उन्हात तो भोकासारखा दिसतो आणि गाडीची वळणे त्यात बुडतात. थोडा राखाडी मिसळून चकाकी कमी केली, तर ताडदेवपासून धूळ खात आलेला काळा मिळेल.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्यामुळे नवीन फोटो मिळणार नाहीत, जुनेच शोधा आणि त्यांत डाव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या वर बाहेर बसवलेला मीटर पाहा. गेममध्ये तो बसवता येणार नाही, पण मडगार्डवर करड्या चौकोनाचा आणि त्याच्या सावलीचा सपाट आकार काढता येईल. नंबर प्लेट पिवळी, तिच्यावर काळी अक्षरे. एवढे झाले की चित्र पुन्हा पाठवा, मीटर किती वर घ्यायचा ते त्यावरून सांगतो.